सुट्या खिळीची बिजागरी

हार्डवेअरच्या दुकानात शिरलं की माझ्या नवऱ्याची चालच बदलते. घरात पाय ओढत फिरणारा माणूस तिथे असा वावरतो, जणू दुकान त्याच्या सासऱ्याचं आहे. त्या दिवशी टेबल माझं होतं, काम माझं होतं, सामान काय लागणार ते मला ठाऊक होतं, आणि तरी काउंटरवर कोपर टेकून पहिला शब्द त्यानेच काढला.

"बिजागऱ्या दाखवा. सुट्या खिळीच्या."

सुट्या खिळीची बिजागरी म्हणजे जिची मधली खिळी वर उपसता येते. खिळी उपसली की दोन पाती वेगळी, आणि त्या पात्यांना ठोकलेलं लाकूडही वेगळं. नाटकाच्या सेटला ती लागते. जिच्यावर वाकून मी जिन्यांचे नकाशे काढणार त्या टेबलाला ती कशाला हवी, हे मला कळेना. खरं तर कळत होतं, म्हणूनच डोकं तापायला लागलं होतं.

मी जिने काढते. म्हणजे बांधत नाही, कागदावर काढते. ज्या कंपनीत निम्मं आयुष्य मान वाकवून काढलं तिने आमचा नकाशे विभाग बंद केला आणि आम्हाला एक फुलांचा गुच्छ देऊन घरी पाठवलं. गुच्छ मी जिन्यातच ठेवून आले. पुढे एक जिनेवाला माझं घर शोधत आला. लाकडी जिने करणारा, स्वतःचा छोटा कारखाना असलेला माणूस. त्याला खऱ्या मापाचा नकाशा लागतो, पायरीएवढी पायरी काढलेली. तो कागद फळीवर अंथरतो, रेघांवर टोच्याने टोचतो आणि त्या खुणांवर करवत चालवतो. "अरुंद घरातला वळणाचा जिना आहे," तो म्हणाला. "हा चोख झाला तर पुढचे सगळे तुमच्याकडेच." त्या एका वाक्यावर मी पुन्हा कमावती होणार होते.

टेबलासाठी जुन्या दाराची एक सपाट फळी मिळाली होती. आता फक्त लोखंड निवडायचं होतं. मला खालच्या कडेला एक सलग लांब बिजागरी हवी होती, म्हणजे फळी हवी तेवढी तिरकी करता येईल. दोन बाजूंना खाचेचे लोखंडी टेकू, ते आवळायला हाताने पिळायचे मुठीचे नट. आणि पायांच्या जोडांना आरपार बोल्ट. कागद लावल्यावर ती फळी केसभरही हलता कामा नये, एवढीच माझी अट.

दुकानदाराने दोन्ही प्रकारच्या बिजागऱ्या मांडल्या आणि विचारलं, अर्थात नवऱ्याला, "साहेब, टेबल कसलं आहे?"

"माझं आहे," मी म्हणाले.

मी लांब बिजागरी उचलून उघडझाप केली. मुकाट फिरली. मग सुट्या खिळीची उचलली आणि नवऱ्याच्या कानाजवळ नेऊन हलवली. ती खुळखुळली.

"ऐकलंस?"

"अगं, तेवढी ढील ठेवावीच लागते. नाहीतर खिळी अडकते."

"अडकू दे की. काढायची कोणाला आहे?"

"रविवारी मंडळी आली की टेबल बाजूला करायला नको? फळी काढून मी भिंतीला लावीन. दोन मिनिटांचं काम."

अखेर पोटातलं ओठावर आलं. मंडळी म्हणजे त्याच्या नाटक कंपनीतले लोक. दर रविवारी संध्याकाळी आमच्या पुढच्या खोलीत त्यांचं वाचन चालतं. आमचं पुढचं दार जसं त्यांचं, तशी ती खोलीही त्यांचीच, आणि मी त्या खोलीला चहा पुरवणारी.

"ताई, साहेबांचं बरोबर आहे," दुकानदार मध्ये पडला. "जागेची अडचण असली की—"

"तुम्ही आमची जागा पाहिली आहे का?"

तो वजनकाटा पुसायला लागला. मागे माणसं खोळंबली होती. नवऱ्याने माझ्याकडे पाहून ते हसू आणलं, ज्याचा अर्थ 'घरी गेल्यावर बोलू' असा असतो आणि घरी गेल्यावर कोणी काही बोलत नाही. तमाशा नको म्हणून मी मूग गिळून गप्प बसले. फळीसाठी माझी लांब बिजागरी आणि टेकू, पण पायांना त्याच्या सुट्या खिळीच्या बिजागऱ्या, अशी तडजोड पिशवीत घालून आम्ही घरी आलो.

आता माझ्या नवऱ्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर तो नुसता हेकट वाटेल. तो नाटकाचे सेट बांधतो. राजवाडा, तुरुंग, दवाखाना, काय म्हणाल ते. आणि प्रेक्षक फाटकापर्यंत पोचायच्या आत तो राजवाडा लाकडी हातोडीच्या ठोक्यांनी उतरवून गाडीत भरतो. या कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही. पण आयुष्यभर हेच केल्यामुळे त्याला कायमचं असं काही करताच येत नाही. आमच्या घरातला पलंग सुटतो. जेवायचं टेबल भिंतीत मिटतं. पुस्तकांची कपाटं उतरतात. खुर्च्या तर अशा मिटतात, की माझी बहीण एकदा खुर्चीसकट मिटली होती आणि तिला सोडवायला दोघं लागले. कपाटाच्या प्रत्येक फळीवर त्याने पेन्सिलीने अक्षरं टाकली आहेत, क ला क लावायचा, ख ला ख. लग्नाच्या सुरुवातीला मला याचं फार कौतुक होतं. लोकांना मी दाखवायचे. नंतर नंतर मला असं वाटायला लागलं की हे घर नाही, उद्या दुसऱ्या गावी प्रयोग आहे.

टेबल त्याने छान केलं. लाकडाला लागला की त्याचा हात सुरेख चालतो, हे मी रागातही नाकारणार नाही. फळी त्याने अशी रंधली होती की तिच्यावरून तळवा फिरवत मी बराच वेळ नुसती उभी राहिले. खिडकीजवळ टेबल लावलं, टेकू मी आवळले, कागद ओला करून ताणून चिकटवला. फक्त जरा रेललं की पाय डुगडुगायचे. बिजागऱ्यांच्या फटीत मी पुठ्ठ्याचे तुकडे कोंबले आणि कामाला लागले.

वळणाचा जिना काढणं म्हणजे गंमत नसते. मधल्या खांबाभोवती पायऱ्या पंख्यासारख्या पसरतात. आतल्या बाजूला पायरी निमुळती, बाहेर रुंद, आणि चालणाऱ्याचा पाय जिथे पडतो तिथे मात्र प्रत्येक पायरी सारखीच यायला हवी. एखादी थोडी कमी-जास्त झाली तर माणसाला डोळ्यांनी कळत नाही, पायाला कळतं, आणि पायाला कळेपर्यंत माणूस खाली आलेला असतो. मी रेघ मारली, पुसली, पुन्हा मारली. आठवडाभरात सगळ्या पायऱ्या बसल्या. फक्त आतल्या कठड्याची रेघ राहिली होती.

शनिवारी मी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, "उद्या टेबल हलवायचं नाही. कागद लागलेला आहे."

"हो हो," तो म्हणाला. पेपर त्याच्या तोंडासमोर होता. आता वाटतं, ते 'हो हो' त्याने पेपरातल्या कोणाला तरी म्हटलं असावं.

रविवारी दुपारी मी पेन्सिलीची शिसं आणायला गेले, तशीच बहिणीकडे डोकावले, आणि परत आले तर घरातून हशा ऐकू येत होता. पुढच्या खोलीत गोलाकार खुर्च्या. खिडकीजवळ, जिथे माझं टेबल होतं, तिथे 'राजे' पाय पसरून बसले होते. हे गृहस्थ नाटकात नेहमी राजाच होतात म्हणून सगळे त्यांना राजे म्हणतात, आणि त्यामुळे ते कुठेही बसले तरी सिंहासनावर बसल्यासारखेच बसतात.

"या वहिनी, या!" ते म्हणाले. माझ्याच घरात.

टेबल कुठेच नव्हतं. फळी पडद्यामागे भिंतीला टेकवलेली. पायांची मोळी बांधलेली. खिळ्या एका डब्यात. आणि माझा जिना गुंडाळी करून, रबर लावून, छत्र्यांच्या कोपऱ्यात उभा केलेला.

मी रबर काढलं. गुंडाळी उलगडली. चारी कडांना सुतारी पेन्सिलीच्या जाड काळ्या खुणा होत्या. अर्धचंद्र आणि त्याच्या पोटात अक्षर. क. ख. ग. शेवटच्या खुणेला कडेला जागा पुरली नव्हती, म्हणून ती सरळ माझ्या वरच्या पायरीवर आली होती. पायरीच्या बरोब्बर मध्ये, ठसठशीत, घ.

"घाबरू नकोस," नवरा मागून म्हणाला. त्याच्या आवाजात चक्क अभिमान होता. "खुणा केल्यात. फळीवरही केल्यात. क ला क लावायचा, ख ला ख. उद्या सकाळी बघ, जसंच्या तसं उभं करतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने हयगय केली असती तर मी एकवेळ सोसलं असतं. पण त्याने मन लावून, जपून, राजवाडा जपावा तसं माझं काम मोडलं होतं. ओला करून ताणून चिकटवलेला कागद एकदा सोडवला की तो आखडतो, आणि मग क ला क लागला तरी पायरीला पायरी लागत नाही. हे त्याला माहीत नव्हतं, कारण ते त्याला कधी विचारावंसं वाटलंच नव्हतं.

"तुला मी काल काय सांगितलं होतं?"

"अगं, पण परत लावता येतं ना—"

"परत लावता येत नाही! हा तुझा राजवाडा नाही! तुझा राजवाडा बोटभर सरकला तर लांबून कोणाला दिसत नाही. यावरून माणसं चालणार आहेत. रोज. म्हातारी, पोटुशी, पोराला कडेवर घेतलेली. तुझा घ कुठे आलाय बघ. बघ ना! त्या घ वर पाय देतील का ती?"

कोणीतरी खोकलं. नवऱ्याचा चेहरा उतरला. "सगळ्यांसमोर कशाला..." तो हळू आवाजात म्हणाला.

"टेबल सगळ्यांसमोरच काढलंस ना? एक टोक कोणी धरलं होतं?"

राजेंनी पाय जवळ घेतले. म्हणाले, "वहिनी, चहा नाही झाला तरी चालेल." मी आत गेले आणि स्वयंपाकघराचं दार इतक्या जोरात आपटलं की त्याची खिळी उडून बाहेर आली. आमच्या घरात रागाने दारसुद्धा आपटायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी जिनेवाल्याला फोन केला. कागद खराब झाला, नव्याने काढावा लागेल, असं सांगितलं. "बाई, गिऱ्हाईक थांबलंय. येत्या सोमवारी मी स्वतः न्यायला येतो. तोवर नाही झाला तर दुसऱ्याकडे द्यावा लागेल. राग मानू नका."

"राग आहे," मी म्हणाले, "पण तुमच्यावर नाही."

मग मी एकटी त्या दुकानात गेले.

"साहेब नाही आले?"

"टेबल साहेबांचं नाही. बोल्ट दाखवा, आरपार जाणारे. वरून पकड नसलेले."

यावेळी दुकानदाराने निमूटपणे खोकी काढली. मी एकेक बोल्ट हातात घेऊन पाहिला. चकचकीत होते ते परत केले. मला शोभा नको होती. शेवटी गोल गुळगुळीत डोक्याचे निवडले. त्या डोक्यावर पेचकसाची खाच नसते, की पाना बसेल अशी बाजू नसते. डोक्याखाली चौकोनी मान असते, ती ठोकली की लाकडात रुतते आणि बोल्ट जागच्या जागी गप्प बसतो. नट आतल्या बाजूने. लाकूड दबू नये म्हणून रुंद वायसर. आणि फळीचा सांगाडा भिंतीला धरून ठेवायला जाड लोखंडी कोन. एकेका नटाचे आटे मी फिरवून पाहिले. कित्येक वर्षांत मी स्वतःसाठी काही इतकं मनापासून निवडलं नव्हतं.

"ताई, हे हातोडीने निघणार नाहीत बरं का," दुकानदार म्हणाला. "पाना घेऊन आत वाकावं लागेल."

"तेच हवंय."

घरी नवरा नव्हता, पण म्हटल्याप्रमाणे सकाळीच टेबल पुन्हा उभं करून गेला होता. त्याच्याच हातोडीने मी त्याच्या खिळ्या उपसल्या. एकेका ठोक्यात निघाल्या. इतक्या सहज, की मला आणखीच चीड आली. त्याचंच ड्रिल लावून भोकं पाडली. बोल्ट ठोकले, नट आवळले, कोन भिंतीत बसवले. संध्याकाळपर्यंत टेबल उभं होतं. मी दोन्ही हातांनी धरून हलवलं. हललं नाही. मी त्याच्यावर बसून पाहिलं. तरी नाही.

नवरा आला, बघतच राहिला. मग पुढे होऊन त्याने बोल्टच्या डोक्यावर अंगठा फिरवला. आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसा तो खाच शोधत होता.

"हे काढायचं कसं?"

मी पेन्सिलीला टोक करत राहिले. तो आठवडा आमच्यात अबोला होता. मी नव्या कागदावर पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. पाठ दुखत होती, डोळे दुखत होते, पण टेबल डुगडुगत नव्हतं आणि रेघ एका दमात येत होती. शनिवारी त्याने न सांगता माझ्या उजव्या हाताला दिवा आणून ठेवला. मी आभार मानले नाहीत.

रविवार आला. वरच्या काही पायऱ्या अजून बाकी होत्या. मी पाठमोरी काम करत होते तेवढ्यात दार वाजलं आणि मंडळी आत आली. मी मागे वळले नाही. खुर्च्या उघडायचा प्रयत्न झाला, एकमेकांवर आपटल्या, कोणाचा तरी पाय तुडवला गेला.

"अरे, हे जरा बाजूला काढ की," राजे म्हणाले.

आणि माझा नवरा ओशाळं हसून म्हणाला, "निघत नाही रे. हिने बोल्ट मारलेत. वरून पकडच नाही, काय करणार?"

सगळे हसले. माझी पेन्सिल थांबली. आठवडाभर मला वाटत होतं की मी जिंकले आहे. पण तो माझ्या कामासाठी थांबला नव्हता, तो लोखंडापुढे थांबला होता. पकड असती तर या घडीला माझा जिना पुन्हा छत्र्यांमध्ये उभा राहिला असता.

मी उठले. पाना घेतला, टेबलाखाली वाकले, एक नट सोडवला. बोल्ट खालून ठोकून वर काढला आणि नट-वायसरसकट नवऱ्याच्या हातावर ठेवला.

"निघतो. पाना लावला की निघतो. सगळे काढायला तुला वेळ लागणार नाही, आणि हे यांनाही माहीत आहे. आता यांना सांग, टेबल का काढायचं नाही ते."

हसणं थांबलं. "वहिनी, आम्ही आपले बाहेर कुठे—" राजे सुरू झाले.

"राजे, तुम्ही गप्प बसा. याला बोलू दे."

नवरा हातातल्या बोल्टकडे बघत राहिला. त्याच्या मानेवर लाली चढली होती. त्याला माझा राग आला होता हे मला दिसत होतं, आणि येऊ दे म्हटलं, एकदा तोही येऊ दे.

"हिचं काम चालू आहे," तो अखेर म्हणाला.

"ऐकू आलं नाही त्यांना."

"हिचं काम चालू आहे!" तो जवळजवळ ओरडलाच. "उद्या द्यायचं आहे. आज इथे वाचन होणार नाही."

"आणि पुढच्या रविवारी?"

त्याने वर पाहिलं. यावेळी तो मंडळींशी बोलला नाही. "पुढच्याही नाही. टेबल इथेच राहणार," तो मला म्हणाला. "मी जागा बघतो वाचनाला. कंपनीच्या गुदामात बसू."

मग तो गुडघ्यांवर बसला. बोल्ट भोकात घातला, मान रुतेपर्यंत ठोकला आणि पान्यासाठी हात पुढे केला. मी पाना दिला. तो टेबलाखाली वाकून नट आवळत राहिला. मंडळी एकेक करून बाहेर पडली, शेवटी राजे, दार अलगद ओढून घेत. नट केव्हाच बसला होता, तरी तो आणखी एक फेरा देत होता. कधीही काहीही न आवळलेला माणूस.

मला रडू आलं, आणि रडू आलं याचाही राग आला. कागदावर थेंब पडलेला चालत नाही म्हणून मी तोंड बाजूला करून डोळे पुसले आणि राहिलेल्या पायऱ्या काढायला घेतल्या.